पागेवरचे टोपीकर साळोत्री

आता पुण्यात टोपीकर इतके झालेत की रस्त्यात एखादा दिसला तर कोणी मान वळवून बघत नाही. राज्यच त्यांचं आहे, तेव्हा मान वळवायची नसते, झुकवायची असते. पण मी सांगतोय तो काळ श्रीमंत पेशव्यांचा. तेव्हा शहरात गोरी माणसं अगदी मोजकी होती, आणि त्यांतले एक रोज सकाळी माझ्यासमोर उकिडवे बसून घोड्यांचे खूर बघत.

मी शनिवार पेठेत नदीच्या अंगाला असलेल्या एका सरदारांच्या पागेवर कारकून होतो. दाणा, वैरण, नाल, खोगीर यांचा हिशेब माझ्याकडे आणि घोड्यांचं दुखणंखुपणं त्यांच्याकडे. घोड्यांच्या वैद्याला आम्ही साळोत्री म्हणायचो, म्हणून तेही साळोत्रीच. त्यांचं खरं नाव एकदा त्यांनी मला हळूहळू, तोडून तोडून सांगितलं होतं. मी ते म्हणून दाखवलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "साळोत्री बरं आहे."

ते इंग्रज नव्हते. हे ते स्वतःच, कोणी विचारलं नसलं तरी, सांगायचे. फरासीसांच्या, म्हणजे फ्रेंचांच्या पलटणीबरोबर या मुलखात आले, म्हणून लोक त्यांना फरासीस म्हणायचे, त्याचाही त्यांना राग होता. त्यांचा देश डोंगरातला. तिथे समुद्र नाही, आणि वर्षातले कितीतरी महिने पाणी गोठून दगड होतं. हे ऐकून आमचे कारभारी म्हणाले होते, "मग तिकडे लोक पितात काय?" साळोत्री म्हणाले, "दारू." कारभाऱ्यांनी मान हलवली. त्यांना जे ठाऊक होतं तेच त्यांच्या कानावर आलं होतं.

कारभारी म्हणजे सरदारांच्या घरचं सगळं बघणारे गृहस्थ. सरदार वर्षातले आठ महिने स्वारीवर, त्यामुळे पागेचे खरे धनी तेच. बोलणं कमी, आणि जे बोलत तेही अर्धंच. साळोत्री मात्र त्यांना सरळ अरे-तुरे करायचे. "कारभारी, तुझा दाणा ओला आहे," असं भर सदरेत. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी बाजूला घेऊन समजावलं की मोठ्या माणसाला 'आपण' म्हणावं. त्यांनी ते मन लावून ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून घोड्यांना 'आपण' म्हणायला लागले. "आपण पाय उचला." "आपण तोंड उघडा बरं." मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, "ज्याची लाथ बसते त्याला आपण. कारभारी लाथ मारत नाही."

मराठी ते मोतद्दारांकडून, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या माणसांकडून शिकले होते. त्यामुळे शिव्या अस्खलित होत्या आणि बाकीची भाषा अडखळत यायची. पुढे पुढे तीही चांगली झाली. विशेषतः पुण्याच्या बोलण्यातल्या खाचाखोचा त्यांना फार लवकर कळल्या. मला एकदा म्हणाले, "कारभारी 'पाहतो' म्हणाला की काम होणार. 'बघू' म्हणाला की होणार नाही. आणि काहीच न बोलता पानाला चुना लावायला लागला, की आपण उठावं."

त्यांची एक खोड होती. या मुलखाबद्दल वाईट बोलले की लगेच मागोमाग काहीतरी चांगलं बोलायचे, आणि चांगलं बोलले की वाईट. तराजूची दोन पारडी सारखी करावीत तसं. श्रावणात खोगिरांना बुरशी यायची, त्यांच्या देशाहून आणलेल्या पुस्तकाला वाळवी लागायची, जोड्यात सकाळी काहीतरी वळवळायचं. मग ते पागेच्या दारात उभे राहून मोठमोठ्याने म्हणायचे, "हा देश सगळं खातो! चामडं खातो, कागद खातो, माणूस खातो!" आणि जरा वेळाने, आवाज खाली आणून, "पण आमच्याकडे गरीब माणूस थंडीने मरतो. इथे एका धोतरावर जन्म जातो. हेही आहे."

नोकरांचंही तसंच. त्यांच्या देशात ते एकटे चार घोडे बघायचे. इथे एका घोड्यामागे तीन माणसं. मी एकदा विचारलं, "एक पाय धरतो, एक खरारा करतो, मग तिसरा काय करतो?" ते म्हणाले, "तिसरा नसला तर पहिले दोघं रागावतात. पण मी आजारी पडलो की तिघंही माझ्या उशाशी बसतात. तिकडे कोण बसणार?"

आजारी ते वरचेवर पडायचे. हिवताप त्यांना दर पावसाळ्यात यायचा. दात वाजत असताना मोतद्दार त्यांच्या अंगावर घोड्यांच्या झुली टाकायचे. शेजारच्या घरातल्या काकू पेज करून पाठवायच्या, अर्थात दाराबाहेर ठेवून, आणि भांडं परत घ्यायच्या नाहीत. अशी बरीच भांडी साळोत्र्यांच्या घरात जमली होती. त्यांना आधी वाटायचं, काकू फार उदार आहेत. खरं कारण मी सांगितलं, तेव्हा त्यांनी ती भांडी एकात एक नीट रचून ठेवली. मग म्हणाले, "पण पेज चांगली असते."

वैशाखात त्यांचे फार हाल होत. दुपारी ते अंगरखा, जोडे सगळं काढून घोड्यांच्या पाण्याच्या हौदात बसायचे, डोक्यावर तेवढी टोपी. हातात आंबा. आंबा ते हौदातच खायचे, कारण एरवी तो दाढीत जातो म्हणायचे. घोडे पाण्याला आले की थोडे सरकून त्यांना जागा द्यायचे. शहरातले लोक हे बघायला यायचे. त्यांना त्याची लाज नव्हती. आंबा हे या मुलखाचं सगळ्यात मोठं पुण्य आहे असं त्यांचं ठाम मत होतं, आणि पाल हे सगळ्यात मोठं पाप. पालीला ते फार भ्यायचे. पागेतला सगळ्यात मस्तवाल घोडा हातात धरणारा हा माणूस भिंतीवर पाल चुकचुकली की अंगणात यायचा.

पौषात उलटं. आम्ही कानाला रुमाल बांधून, शालीत गुरफटून कुडकुडत यायचो, आणि ते नुसत्या सदऱ्यात. "याला तुम्ही थंडी म्हणता?" असं विचारून खदखदा हसायचे. असं कित्येक वर्षं चाललं. मग एका पौषातल्या सकाळी मी पागेवर गेलो, तर साळोत्री शेकोटीपाशी बसलेले, कानाला रुमाल बांधून. मी काही बोलणार, एवढ्यात त्यांनी बोट वर केलं. "बोलू नकोस," म्हणाले.

मी बोललो नाही.  संध्याकाळी निघताना तेच म्हणाले, "आता मी तिकडे गेलो तर थंडीने मरेन."

संगमावर श्रीमंतांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील राहायचा. त्याच्याकडचा एक तरुण गोरा एकदा पागेवर आला. आमच्या सरदारांनी त्याला चाकरी देऊ केली होती. इथे राहावं की नाही हे विचारायला तो साळोत्र्यांकडे आला होता. दोघांची भाषा वेगळी, म्हणून तो मोडक्या हिंदुस्तानीत बोलत होता, त्यामुळे मलाही समजत होतं. साळोत्री त्याला पागाभर हिंडवत होते आणि नेहमीप्रमाणे एक चांगलं, एक वाईट असं सांगत होते. इथे तुझा बाप कोण होता हे कोणी विचारणार नाही. पण तुझ्या हातचं पाणीही कोणी पिणार नाही. मान मिळेल, घर मिळेल, घोडा मिळेल. ताप येईल. सणाला बोलावणं येईल, पण पान वेगळं मांडतील, अंगणात. तरुण हसत होता. त्याला हे सगळं चालण्यासारखं होतं.

मग साळोत्र्यांनी एकदम विचारलं, "आई आहे?"

"आहे."

"तिचं पत्र इथे यायला वर्ष लागतं. पत्रात ती बरी असते. पण ते गेल्या वर्षीचं बरं असतं. आज कशी आहे ते कधीच कळत नाही. माझी आई पत्रात बरी होती, तेव्हा ती जाऊन सात महिने झाले होते."

तरुण हसायचा थांबला. साळोत्री मात्र पुढच्या घोड्याकडे वळले आणि त्याच आवाजात म्हणाले, "आंबे चांगले आहेत."

तो तरुण आमच्याकडे राहिला नाही. साळोत्र्यांना वाटलं, तो आईकडे गेला. मला पुढे कळलं की तो हैदराबादेला गेला, तिथे जास्त मिळत होतं. हे मी साळोत्र्यांना सांगितलं नाही.

सरदार लांब उत्तरेत होते, पावसाळ्यालाही परतणार नव्हते, त्या वर्षी पागेत रोग शिरला. आधी एका तट्टाच्या नाकातून चिकट पू यायला लागला. मग पायावर गाठी. साळोत्र्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ते तट्टू बाहेर काढून लांब बांधायला लावलं, पण तोवर उशीर झाला होता. दोन दिवसांत सरदारांच्या खास घोडीचं नाक वाहायला लागलं. ती अबलख घोडी. सरदारांनी तिला स्वतःच्या हाताने गूळ खायला घालून वाढवलेली. पायाला जखम होती म्हणून त्या स्वारीला नेली नव्हती, नाहीतर तिच्यावाचून ते पाऊल टाकत नसत.

साळोत्री कारभाऱ्यांकडे गेले. मी बरोबर होतो. ते म्हणाले, हा रोग बरा होत नाही. एकाकडून दुसऱ्याकडे जातो, माणसालाही होतो. आजारी जनावरं मारून जाळली पाहिजेत, आज. नाहीतर पागा जाईल.

कारभारी म्हणाले, "घोडीसुद्धा?"

"घोडी आधी."

कारभाऱ्यांनी बाहेर बघितलं. "बघू," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन घोडे शिंकायला लागले. सकाळी, भर उजेडात, साळोत्र्यांनी अबलख घोडी सोडली आणि नदीकाठच्या मोकळ्या जागेत नेली. मोतद्दारांपैकी कोणी दोरी धरायला तयार होईना, म्हणून त्यांनीच धरली. मी थोड्या अंतरावर उभा होतो. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "आपण माफ करा." मग पिस्तूल लावलं. त्या दिवशी त्यांनी एकूण चार जनावरं मारली आणि लाकडं रचून जाळली. धूर शनिवार पेठेवर दुपारपर्यंत होता.

संध्याकाळच्या आत शहरभर झालं की टोपीकराने सरदारांची घोडी मारली. कोणी म्हणालं, संगमावरच्या इंग्रजाने पढवलं. तो तरुण आला होता ना, तो त्यासाठीच. कोणी म्हणालं, रोग यानेच घातला. जे लोक त्यांना हौदात बसलेलं बघायला हसत यायचे, तेच आता त्यांच्या दारावर शेण फेकून गेले. त्यांच्याकडून स्वतःच्या बैलाचा पाय फुकट बरा करून घेतलेला एक माणूस तर सगळ्यांच्या पुढे होता.

कारभाऱ्यांनी त्यांना सदरेत बोलावलं. मला टिपण घ्यायला बसवलं होतं.

"आपण कोणाचे?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"पागेचा."

"पागा कोणाची?"

"सरदारांची."

"मग त्यांची घोडी त्यांना न विचारता मारलीत कशी?"

"आपल्याला विचारलं होतं," साळोत्री म्हणाले.

त्यांनी कारभाऱ्यांना 'आपण' म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला धास्तीच वाटली.

"मग मी काय म्हणालो?"

"आपण 'बघू' म्हणालात. म्हणजे होणार नाही. मी भाषा शिकलोय. म्हणून मी केलं."

 कारभाऱ्यांनी पानाचा डबा जवळ ओढला आणि चुना लावायला घेतला. साळोत्री उठले.

त्यांच्या घरावर पहारा बसला. सरदार परत येईपर्यंत त्यांनी उंबरा ओलांडायचा नाही, असा हुकूम. तो सगळा पावसाळा ते घरात होते. ताप नेहमीप्रमाणे आला. काकूंची पेजही आली, फक्त या वेळी ती पहारेकऱ्याच्या हातून आत जायची. मी दर सकाळी दारात उभा राहून त्यांना घोड्यांची खबर द्यायचो. कोणाचं नाक कोरडं, कोणाचा खोकला थांबला. ते आतून विचारायचे आणि मी बाहेरून सांगायचो. पहारेकरी म्हणायचा, "काय लावलंय रोज घोडे घोडे." ज्या दिवशी मी सांगितलं की महिनाभरात एकही नवा घोडा आजारी पडलेला नाही, त्या दिवशी ते उठून दारापाशी आले. मग म्हणाले, "हौद घासून घ्यायला सांग."

दसऱ्याच्या सुमारास सरदार आले. पागा बघितली. मोकळ्या खुंट्यापाशी थोडा वेळ उभे राहिले. मग साळोत्र्यांना बोलावून स्वतःच्या हाताने शेला-पागोटं दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही आमचे." पहारा उठला. कारभारीही म्हणाले, "झालं ते झालं." शहर दुसऱ्या दिवशी सगळं विसरलं. ज्याने शेण फेकलं होतं तो बैलाचा दुसरा पाय दाखवायला आला.

साळोत्री विसरले नाहीत. त्यांनी बैलाचा पाय बघितला, औषध दिलं, पण त्याच आठवड्यात सरदारांकडे रजा मागितली. कायमची. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "इतकी वर्षं मी इथला होतो. एक घोडी मेली आणि एका दिवसात टोपीकर झालो. म्हणजे आधीही तोच होतो. मला तेवढं कोणी सांगितलं नव्हतं."

 ते खोटं होतं असं म्हणण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतं.

सरदारांनी बरेच महिने थांबवून धरलं, शेवटी चैत्रात सोडलं. जाताना साळोत्र्यांनी सगळं वाटून टाकलं. मोतद्दारांना कपडे, काकूंना त्यांचीच भांडी, घासूनपुसून. ती त्यांनी घेतली नाहीत, पण रडल्या. मला स्वतःची जेवायची काटा-सुरी दिली. ब्राह्मणाच्या घरात तिचं काय करायचं? आमच्या कुटुंबाने तो काटा तुळशीची माती उकरायला घेतला, आणि अजून तो त्याच कामी आहे. पागेवरचे सगळे नदीपर्यंत पोचवायला गेले. साळोत्र्यांनी घोड्यावरून मागे वळून बघितलं नाही. आम्हीही फार वेळ उभे राहिलो नाही. ऊन झालं होतं.

सरदारांनी नवा साळोत्री ठेवला. नगरकडचा, गुणी माणूस होता. साळोत्र्यांच्या घरात तोच राहायला आला.

ज्येष्ठ लागला होता. एके दिवशी दुपारी नदीवरच्या चौकीतून शिपाई मला बोलवायला आला. त्या काळी शहरात शिरणाऱ्या परक्या माणसाची चौकीवर विचारपूस व्हायची, आणि शहरातला कोणीतरी त्याला जामीन राहिल्याशिवाय त्याला आत सोडत नसत. शिपाई म्हणाला, "एक गोरा आलाय. तुमचं नाव सांगतोय."

मी गेलो. चौकीच्या दारात साळोत्री उभे होते. दाढी वाढलेली, टोपी नाही, डोक्याला नुसता पंचा गुंडाळलेला. घोड्याचा लगाम हातात. घोडा लंगडत होता, म्हणून घाटापासून पायी आले होते.

"जहाज चुकलं?" मी विचारलं.

"नाही. पनवेलला होडी तयार होती." त्यांनी कपाळ पुसलं. "तिथे आमच्याकडचे पाच-सहा लोक होते. सगळे परत चाललेले. होडीची वाट बघत महिनाभर बसून ते या मुलखाला शिव्या देत होते. ताप, ऊन, वाळवी, लबाड लोक. सगळं खरं. मीच हे रोज बोलायचो. पण त्यांच्या तोंडून ऐकवेना. मी भांडलो. ते म्हणाले, हा काळा झालाय."

"आणि?"

"मग मी आठवायला बसलो, की तिकडे मला ओळखणारं कोण उरलं असेल. एक मेंढपाळ आठवला. तो मी निघालो तेव्हाच म्हातारा होता."

चौकीवरचा कारकून तरुण होता, नवा होता आणि कामाला कडक होता. त्याने साळोत्र्यांना विचारलं, "कामधंदा?"

"होता."

"घर?"

"होतं."

"मग आलात कशासाठी?"

 एवढं मराठी येत असूनही साळोत्र्यांना शब्द सापडेना. घोड्याच्या मानेवरून हात फिरवत ते खाली बघत राहिले. कारकून माझ्याकडे वळला.

"आपण जामीन राहता? विचार करून सांगा. यांच्यावर पहारा बसला होता म्हणतात. उद्या काही झालं तर आपल्याला धरतील."

"ठाऊक आहे."

"किती दिवसांसाठी?"

"दिवसांचं नका विचारू," मी म्हटलं. "हे इथेच मरणार आहेत."

बोलून गेल्यावर मला वाटलं, असं तोंडावर बोलायला नको होतं. मी साळोत्र्यांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. त्यांनी माझ्याकडे बघून एकदा होकाराची मान हलवली.

कारकुनाने बोरू बाजूला ठेवला. मागे दोन बैलगाड्या येऊन खोळंबल्या होत्या, गाडीवान ओरडत होते.

"मग दारात काय उभे?" तो साळोत्र्यांवर खेकसला. "वाट अडवू नका. आत या."

घोड्याला चुचकारत ते आत आले.